‘वटवट्या – काही’ म्हणजे नेमके किती?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पक्षीसप्ताहानिमित्त कृष्णाकाठी झालेल्या पक्षीगणनेची बातमी आपल्या गुरुवारच्या अंकात वाचली. मारुती चितमपल्ली सर गेल्यानंतरचा हा पहिलाच पक्षीसप्ताह. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अली यांचा. या दोन तारखांमधल्या आठवड्यात शाळकरी मुलं पहाटे उठून नदीवर गेली, याचा मनापासून आनंद झाला. बातमीखाली यादी होती. बगळे, शराटी, खंड्या, वेडे राघू यांच्यापुढे आकडे होते. सगळ्यात शेवटी मात्र लिहिलं होतं, ‘वटवट्या – काही’. सोबत एका हिरवट, चिमणीपेक्षाही लहान पक्ष्याचा सुरेख फोटो होता. तो कुठं काढला, कधी काढला, हे कुठंच नव्हतं.

मी ही चूक काढायला लिहीत नाही. ‘काही’ हा शब्द माझ्या स्वतःच्या वह्यांत इतक्या वेळा आहे की त्याची किंमत मला पुरती कळून चुकली आहे. तेवढ्यासाठीच हे पत्र.

मी तेहेतीस वर्षं तलाठी होते. जत, कवठेमहांकाळ आणि शेवटी मिरज तालुक्यात. जतच्या सजात असताना बाभळीच्या रानातून चालताना पक्ष्यांचा नाद लागला आणि १९९८ पासून मी वह्या ठेवू लागले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा हरिपूर रस्त्यावरच्या आमच्या घरात तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. खालच्या कपाटातल्या अकरा वह्या गेल्या. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर कागदाचा लगदा आणि चिखल एक झाला होता. शाईपेनानं लिहिलेली पानं निळी पडली होती, अक्षर एकही नव्हतं. माळ्यावर होत्या म्हणून दोन वह्या वाचल्या.

त्याच हिवाळ्यात एक विद्यार्थिनी मला भेटायला आली. महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी तिला विचारायचं होतं, की पुरानंतर नदीकाठचे वटवटे कमी झाले का? प्रश्न फार चांगला होता. हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमाजवळची घाणेरी, बाभळी, लव्हाळे, सगळं पुरानं मुळासकट नेलं होतं. उरलेल्या फांद्यांवर चिंध्या आणि प्लास्टिक लोंबत होतं. मला जाणवत होतं की पक्षी कमी आहेत. मी वाचलेली एक वही उघडली. डिसेंबरमधलं पान निघालं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : ‘संगम. वटवटे बरेच.’

बरेच म्हणजे चार की चाळीस? कुठल्या जातीचे? किती वेळ पाहिले? त्या पोरीला मी काहीच सांगू शकले नाही. अकरा वह्या पुरात गेल्या याचं दुःख आहेच. पण वाचलेली वहीसुद्धा उपयोगाची ठरली नाही, हे जास्त लागलं. सांगलीत पावसाळ्यात लहान मूलही ‘पाणी बरंच आलंय’ म्हणून थांबत नाही. पुलाखाली किती फूट, किती इंच, हे विचारतं. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आम्हाला पाठ आहे. नोंद कशाला म्हणतात हे ज्या गावाला इतकं चांगलं ठाऊक, त्या गावातल्या माझ्यासारखीनं पक्ष्यांच्या बाबतीत ‘बरेच’ लिहावं?

वटवट्यांचा विषय मुळात अवघड का, ते थोडं सांगते. आपल्याकडं ‘वटवट्या’ हे नाव दोन अगदी वेगळ्या पक्ष्यांना लागतं. ज्वारीत, बागेत, कुंपणावर शेपटी उभी करून बारमाही बडबडणारा राखी वटवट्या इथलाच रहिवासी. त्याचं घरटं आपल्याच परसात असतं. आणि त्याच झुडपात सप्टेंबर ते एप्रिल दुसरे पाहुणे असतात. ते हिमालयातून, मध्य आशियातून, काही तर थेट रशिया आणि फिनलंडकडून रात्री उडत येतात. त्यांतल्या ग्रीनिश वॉर्बलरचं वजन आठ ग्रॅमच्या आसपास असतं. नुसतं ‘वटवट्या’ लिहिलं की घरचा कोण आणि हजारो मैलांवरून आलेला कोण, हे कळायचा मार्गच उरत नाही.

हे पाहुणे शोधायचे तर डोळ्यांआधी कान लावावे लागतात. उजाडल्यावर पहिला तास-दीड तास एका जागी उभं राहावं. संगमावर घाणेरीच्या जाळीतून ‘चक्… चक्…’ असा कोरडा आवाज येतो, अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसा. तो ब्लाइथ्स रीड वॉर्बलर. नावात ‘रीड’ म्हणजे बोरू असला तरी त्याला पाणवनस्पतींची गरज नाही, दाट झुडूप पुरतं. तपकिरी, लांबट चोचीचा, सहसा खालच्या फांद्यांत. एकदा त्याची जाळी कळली की दुसऱ्या दिवशी तिथंच जावं, तो बहुधा तिथंच सापडतो. चिंच, आंबा, करंज यांच्या शेंड्याकडून दोन अक्षरी ‘चि-स्वीप’ ऐकू आलं की तो ग्रीनिश. पंखावर एक बारीक फिकट पट्टी, डोळ्यावर लांब पांढुरकी भुवई आणि एका पानावर क्षणभरही न थांबण्याची सवय. बाभळीत करड्या डोक्याचा, पांढऱ्या गळ्याचा, गालावर गडद पट्टा असलेला दिसला तर लेसर व्हाइटथ्रोट. दंडोबाच्या डोंगरावर किंवा साताऱ्याकडं गडांच्या तटांवर गेलात तर झाडांकडं पाहण्याआधी खडकांकडं पाहा. तिथं दगडाच्या कपारीतून उंदरासारखा सरपटणारा, पोटाला पिवळा, पंखावर पट्टी नसलेला सल्फर-बेलीड वॉर्बलर असतो. पर्णवटवट्यांमध्ये खडक धरून राहणारा असा दुसरा मला तरी भेटलेला नाही.

एक गोष्ट पुस्तकं चाळून लवकर कळत नाही. ग्रीनिशच्या पंखावरची ती पट्टी पिसांच्या टोकांची असते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पिसं झिजतात आणि पट्टी जवळजवळ नाहीशी होते. मग पट्टी दिसली नाही म्हणून आपण दुसरंच नाव लिहून मोकळे होतो. मार्चमध्ये आवाज ऐकल्याशिवाय मी त्याच्यापुढं नाव लिहीत नाही.

आणि काही वेळा नाव लिहिताच येत नाही. जतच्या बाभळीत फिकट मातकट रंगाचे वटवटे हिवाळाभर असतात. ते बूटेड वॉर्बलर की साईक्स वॉर्बलर? पूर्वी दोन्ही एकाच जातीत धरत. साईक्सची चोच थोडी लांब, शेपटी थोडी लांब, रंग आणखी फिका. हे सगळं ‘थोडं’च आहे. ज्याच्या नावानं हा पक्षी ओळखला जातो, ते कर्नल साईक्स मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी होते. आपल्या दख्खनची गावं, पिकं, माणसं यांची माहिती गोळा करत ते फिरले आणि १८३२ मध्ये त्यांनी इथल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. या वटवट्याला त्यांनी शास्त्रीय नाव दिलं ‘रामा’. सरकारी दप्तर काखेत धरून पक्षी टिपणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. पण त्यांचाच पक्षी समोर असताना मी वहीत ‘बूटेड किंवा साईक्स, १’ असं लिहिते. असं लिहिण्यात कमीपणा नाही. ती पूर्ण नोंद आहे. खात्री नसताना लिहिलेलं ‘साईक्स’ मात्र खोटी नोंद आहे.

नोंद कशी करावी हे मला कुठल्या शिबिरात शिकायला मिळालं नाही. ते पंचनाम्यानं शिकवलं. कडब्याची गंजी जळाली की तलाठ्यानं जागेवर जायचं, समक्ष पाहायचं, तिथल्या तिथं लिहायचं. आग कुणी लावली हे तलाठ्यानं ठरवायचं नसतं. किती पेंढ्या जळाल्या, चतुःसीमा काय, वाजले किती, हे लिहायचं. पक्ष्याचंही तसंच. आधी जे दिसलं ते लिहायचं, नाव सगळ्यात शेवटी. चिमणीपेक्षा लहान का मोठा, भुवई कुठवर जाते, पाय काळे का गुलाबी, पट्टी आहे का, शेपटी हलवतो का, किती अंतरावरून पाहिला, ऊन पाठीमागं होतं का डोळ्यांवर. दिसलं नाही तेही लिहायचं : ‘पाय दिसले नाहीत.’ आणि हे सगळं पुस्तक उघडण्याआधी. पुस्तक एकदा उघडलं की चित्रातली भुवई आपल्या आठवणीत शिरते आणि मग आपण शपथेवर सांगतो की आपणच ती पाहिली.

घरी बसून पीक पाहणी लिहिणारे लोक मी पाहिलेत. आता ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतः शेतात उभं राहून फोटो घ्यावा लागतो, ते बरंच झालं. पक्ष्यांसाठी ई-बर्ड हे तशाच कामाचं आहे. २००२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही सोय आता आपल्या मोबाईलवर फुकट आहे. त्यात सुरुवातीची वेळ, किती मिनिटं पाहिलं, किती चाललात, ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची नोंद केली का, हे विचारलं जातं. हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. सगळे ओळखीचे पक्षी लिहिले असतील तरच, जो लिहिला नाही तो दिसला नव्हता, हे धरता येतं. फक्त दुर्मीळ तेवढे लिहिणाऱ्याच्या यादीतून कावळे संपले की नाही हे कधीच समजणार नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे आणि त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. त्यातल्या बहुतेक नोंदी माझ्यासारख्या साध्या लोकांनी सकाळच्या फिरण्यात केलेल्या आहेत.

एका नोंदीला किती वर्षांनी किंमत येईल हे सांगता येत नाही. १८६७ मध्ये ॲलन ह्यूम यांनी, काँग्रेसच्या स्थापनेत पुढं असलेले तेच ह्यूम, सतलजच्या खोऱ्यात रामपूरजवळ एक वटवट्या मिळवला. चोच नेहमीपेक्षा मोठी होती. तसा दुसरा पक्षी कुणालाच सापडेना, म्हणून जाणकारांनी तो दुसऱ्या एखाद्या जातीचाच वेगळा नमुना असावा असं धरलं. पण त्या नमुन्याच्या पायाला चिठ्ठी होती, जागा होती, तारीख होती. २००२ मध्ये त्याचा डीएनए तपासला आणि ती स्वतंत्र जात निघाली, लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलर. २००६ मध्ये थायलंडमध्ये पक्ष्यांच्या पायात ओळखीचे वाळे घालताना फिलिप राउंड यांच्या हातात एक वटवट्या आला. चोच लांब, पंख आखूड. त्यांनी मापं घेतली, फोटो घेतले, पिसं तपासायला पाठवली. तोच पक्षी! १३९ वर्षांनी. मग इंग्लंडच्या संग्रहालयात ब्लाइथ्स रीड वॉर्बलरच्या खणात चुकीच्या नावानं पडून असलेला १८६९ चा आणखी एक नमुना सापडला. पुढं २००८ मध्ये अफगाणिस्तानच्या वाखान भागात रॉबर्ट टिमिन्स यांनी एका अनोळखी वटवट्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि त्या धाग्यावरून या पक्ष्याची विणीची जागा उजेडात आली. एक चिठ्ठी, काही मापं, दोन-चार पिसं, एक ध्वनिफीत. मी ही हकिगत वाचली तेव्हा रात्री कितीतरी वेळ झोप लागली नाही.

खोट्या चिठ्ठीनं काय होतं तेही आपल्याच राज्यात घडलं आहे. रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, १८८४ नंतर कुणाला मिळाला नव्हता. रिचर्ड माइनर्टझागेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहात मात्र एक नमुना होता, चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधलं मांडवी. त्या चिठ्ठीच्या भरवशावर लोक चुकीच्या जागी शोधत राहिले. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना चोरीचा आणि चिठ्ठी बनावट असल्याचं उघड केलं, खऱ्या जुन्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ त्यांच्या पथकाला रानपिंगळा जिवंत दिसला.

मोबाईलविषयी तरुण मित्रांना एक विनंती. मर्लिनसारखं ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. ते उपयोगी आहे, मीही वापरते. पण ते साक्षीदार नाही. त्यानं सुचवलेलं नाव स्वतः ऐकून, शक्य तर पाहून मगच लिहावं. आवाज मात्र जरूर मुद्रित करावा. फोन स्थिर धरावा, आपण बोलू नये, शेवटी तारीख, वेळ, जागा आपल्या तोंडानं बोलून ठेवावी. वटवट्याचा धूसर फोटो आणि स्वच्छ ‘चक्’ यांत मी नेहमी ‘चक्’ निवडेन. आणि फोटो मिळावा म्हणून त्याच्याच आवाजाची फीत पुन्हा पुन्हा वाजवू नये. तो इथं हिवाळाभर आपली जागा राखून पोट भरायला आलेला असतो. त्याला खोट्या शत्रूमागं धावायला लावणं बरं नव्हे.

चूक झाली तर? मी स्वतः २०२१ मध्ये एक नोंद ‘पॅडीफील्ड वॉर्बलर’ म्हणून केली होती. नोंदी तपासणाऱ्या एका स्वयंसेवकानं नम्रपणे विचारलं, की भुवई डोळ्याच्या मागंपर्यंत जात होती का? वही काढली. माझंच वाक्य होतं : ‘भुवई डोळ्यापुढं ठळक, मागं नाही.’ म्हणजे तो ब्लाइथ्सच. वही होती म्हणून चूक सुधारता आली. जुन्या नावावर एक सरळ रेघ मारली, शेजारी नवं नाव, दुरुस्तीची तारीख आणि सही. फेरफार असाच होतो. खाडाखोड करायची नाही, जुनं वाचता आलं पाहिजे.

ह्यूम यांची पक्ष्यांवरची वर्षानुवर्षांची हस्तलिखितं त्यांच्या नोकरानं बाजारात रद्दीत विकली होती. माझ्या वह्या कृष्णामाईनं नेल्या. म्हणून आता मी दर रविवारी वहीच्या पानांचे फोटो काढून मुलीला नाशिकला पाठवते आणि नोंदी ई-बर्डवर चढवते. वही माळ्यावरच असते.

आपल्याला एवढीच विनंती, की यापुढं पक्ष्याचा फोटो छापताना खाली तारीख, वेळ, गाव आणि संख्या छापावी. घुबडांची किंवा घरट्यांची जागा असेल तर तेवढं गाव वगळावं. वाचक पाठवतात त्या फोटोंसोबत ही माहिती मागावी, नाही दिली तर फोटो पुढच्या आठवड्यावर ठेवावा. महिनाभरात लोकांना सवय लागेल. गणनेला गेलेल्या मुलांच्या शिक्षकांनी संपर्क केला तर रविवारी सकाळी मी संगमावर असतेच, मुलांना घेऊन यावं. ती बूट काढून अर्धा तास शांत बसली तर पहिल्याच दिवशी तीन आवाज वेगळे करू शकतील, हे मी पाहिलेलं आहे.

आजची माझी नोंद खाली जशीच्या तशी देते. जागा पुरत नसेल तर पत्रातला दुसरा मजकूर कापावा, ही ठेवावी.

‘रविवार, १६ नोव्हेंबर २०२५. हरिपूर, कृष्णा-वारणा संगम, घाटापासून वरच्या अंगाला. सकाळी ६.५० ते ७.३५. चाललेलं अंतर ३०० मीटर. आकाश स्वच्छ, वारा नाही, नदीवर धुकं ७.१० पर्यंत. ब्लाइथ्स रीड वॉर्बलर ४ : तीन फक्त आवाजावरून, एक घाणेरीत, सहा मीटरवर, भुवई डोळ्यापुढंच. ग्रीनिश वॉर्बलर २ : चिंचेवर, दोन्ही बोलले, एकाची पट्टी दिसली. लेसर व्हाइटथ्रोट १ : बाभळीत, गळा स्वच्छ दिसला. राखी वटवट्या ५. शिंपी ३. वटवट्या, जात ठरली नाही, १ : उसाच्या बांधावर, पाठमोरा, दोन सेकंद, आवाज नाही, पाय दिसले नाहीत. बाकी सर्व पक्षी पुढच्या पानावर.’

आपली नम्र,
एक निवृत्त तलाठी
हरिपूर रस्ता, सांगली